उद्यमबाग, चाकण की घरबसल्या सर्टिफिकेट?

पत्र:

सर, मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. पुढच्या वर्षी इंटर्नशिप करायची आहे. मामांच्या ओळखीचं बेळगावच्याच उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात एक मशीन शॉप आहे, शेजारीच त्यांची छोटी फाउंड्री. ते पैसे देणार नाहीत, चहा-नाश्ता देऊ म्हणालेत. दुसरं, एका कन्सल्टंटमार्फत चाकणला, महिना 12,000. कन्सल्टंटला 6,000 द्यायचे. मैत्रीण म्हणते रूम शेअरिंगचे 4,500 आणि मेसचे 3,500 पडतील. तिसरं ऑनलाइन, 6 आठवड्यांचं, फी 4,000. हवं तर 16 आठवड्यांचं लेटर देतो म्हणतात, वर्गातली निम्मी पोरं तेच करायलेत. चौथं, कॉलेजातल्या सरांकडे प्रोजेक्ट. एक सीनियर म्हणतो, हे सगळं सोड, अप्रेंटिस कर, सरकार पैसे देतं. दादा म्हणतो, पोरीच्या जातीला फाउंड्री कशाला. बाबा काहीच बोलत नाहीत. काय करू सुचंना झालंय.

— खानापूरची एक विद्यार्थिनी

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रत्येक ठिकाणापुढे तू पैशाचा आकडा लिहिलायस, पण तिथे सकाळी गेल्यावर तुझ्या हातात काय देणार आणि ते बिघडलं तर कोण सांगणार, हे एकाही ठिकाणाबद्दल लिहिलेलं नाहीस. बहुधा तू विचारलेलंच नाहीस. मी तुझ्या सगळ्या वाटा त्याच प्रश्नावर घासून बघणार आहे.

आधी सीनियरचा घोळ निस्तरतो, कारण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. तुला आत्ता करायची आहे ती अभ्यासक्रमातली इंटर्नशिप. व्हीटीयूच्या, म्हणजे तुझ्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, 2022 च्या स्कीममध्ये ती शेवटच्या वर्षाला 14 ते 20 आठवड्यांची आहे आणि तिला 10 क्रेडिट आहेत. हे क्रेडिट नसतील तर डिग्री अडते, त्यामुळे ‘सोड’ म्हणून सुटणारी ही गोष्ट नाही. अप्रेंटिसशिप हा 1961 च्या कायद्याखालचा करार असतो. पदवीधरांसाठी ती केंद्राच्या नॅट्स म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेतून होते, वर्षभराची असते, डिग्री हातात आल्यावरची असते. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 असं विद्यावेतन ठरलं. त्या किमान रकमेतला अर्धा भार केंद्र सरकार उचलतं. तुझ्या वेळी करारावर काय आकडा आहे तो वाचूनच सही कर.

या योजनेची एक अट सीनियरने सांगितलेली दिसत नाही. पदवीधर अप्रेंटिसशिप एकदाच मिळते. एकदा कुठे वर्ष घातलं की त्याच दाराने परत आत जाता येत नाही, आणि आधीच वर्षभर नोकरीचा अनुभव झाला असला तरी दार बंद. म्हणून ती सगळ्यात चांगल्या जागेसाठी राखून ठेवायची. डिग्रीच्या निकालानंतर पहिल्या भेटलेल्या कंपनीत घाईघाईने उरकायची नाही. वर्ष संपल्यावर कंपनीने तुला कायम केलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हेही बाबांना आत्ताच सांगून ठेव. म्हणजे नंतर घरात आदळआपट नको.

तुझ्या कानावर आणखी दोन योजनांची नावं येतील. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. त्या वेळच्या अटींप्रमाणे ती 21 ते 24 वयोगटासाठी, 12 महिन्यांची, महिना 5,000 ची, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्याला ती घेता येत नाही. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ची. पदवीधराला 10,000, डिप्लोमाला 8,000, बारावीला 6,000. तिला महाराष्ट्राचा रहिवास लागतो आणि शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी ती नाही. आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, अगं आपली गावं महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत आहेत, मिळेल की. यादीतल्या गावांना महाराष्ट्राने काही सवलती दिल्या आहेत, हे खरं. पण त्यांच्या भरवशावर शेवटच्या वर्षाचं गणित मांडू नकोस. दोन्ही योजना आत्ता तुझ्या कामाच्या नाहीत, इथेच सोडू.

ऑनलाइनवाल्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. पैसे तू देतेस, म्हणजे तू त्यांची गिऱ्हाईक. 6 आठवड्यांचे व्हिडिओ दाखवून 16 आठवड्यांचं लेटर देणारा माणूस तुला खोटं बोलायला शिकवतोय, आणि त्या खोट्याखाली सही तुझी असणार. उद्या इंटरव्ह्यूमध्ये समोरचा एवढंच विचारेल, ‘सोळा आठवडे कुठल्या मशीनवर होतीस?’ मग काय सांगणार? सॉलिडवर्क्स किंवा पायथन शिकायचंय तर खुशाल ऑनलाइन शीक, चांगली गोष्ट आहे. इंटर्नशिपच्या रकान्यात ते लिहू नकोस.

सरांकडचं प्रोजेक्ट वाईट नाही, पण ते कुणासाठी? पुढे एम.टेक. किंवा संशोधन डोक्यात असेल तर जरूर कर. मग नुसत्या कॉलेजपुरती राहू नकोस, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात तिलाही अर्ज कर. व्हीटीयूच्या त्या 10 क्रेडिटना उद्योगातली इंटर्नशिप चालते तशी संशोधनातलीही चालते. तुझ्या पत्रात एम.टेक.चा म दिसला नाही, म्हणून पुढे जातो.

आता चाकण. 12,000 आकडा डोळ्यात भरतो खरा. तूच दिलेले खर्च वजा करू. खोली आणि मेसचे 8,000 गेले की हातात महिना 4,000. चार महिन्यांचे 16,000. त्यातून कन्सल्टंटचे 6,000 काढले की 10,000, म्हणजे महिना अडीच हजार. त्यात कंपनीपर्यंतचं जाणं-येणं, मोबाईल, आजारपण, दिवाळीला गावी येणं. शिल्लक शून्याच्या आसपास, कदाचित त्याच्याही खाली. तुझ्या मामांचा ओळखीचा माणूसही शून्यच देतोय, फक्त तिथे तू घरी जेवतेस.

आणि काम? कन्सल्टंटमार्फत येणाऱ्या पोरांना बऱ्याच ठिकाणी सरळ लाइनवर उभं करतात. आठ तास तोच एक भाग, तेच चार बोल्ट, टॉर्क रेंच लावायचं आणि पुढे ढकलायचं. तिसऱ्या दिवशी जे येतं तेच तिसऱ्या महिन्यात. मोठ्या कारखान्यात शिकण्यासारखं पुष्कळ असतं, हे मी नाकारत नाही. कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं याचा कागद, कसा लिहितात, एखादी तक्रार आली की तिच्या मुळाशी कसं जातात, नवा पार्ट मंजूर होताना किती कागद लागतात, ही शिस्त छोट्या शॉपमध्ये बघायला मिळणार नाही. पण लाइनवर उभ्या असलेल्या ट्रेनीला ते कागद कुणी दाखवत नाही. म्हणून कन्सल्टंटला दोनच गोष्टी लेखी विचार: कुठलं डिपार्टमेंट, आणि लेटर कंपनीच्या लेटरहेडवर येणार की कंत्राटदाराच्या. क्वालिटी, टूल रूम किंवा प्रोसेस इंजिनिअरिंग असं उत्तर आलं आणि लेटर कंपनीचंच असलं तर मला परत लिही, माझं मत बदलेल. ‘ते तिथे गेल्यावर ठरतं’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून दे.

राहिलं उद्यमबाग. माझा कल तिकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बेळगावची पोरं पुण्याच्या एमआयडीसीची नावं पाठ म्हणतात आणि थर्ड रेल्वे गेटच्या पलीकडे काय चालतं ते त्यांना ठाऊक नसतं. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्री, मशीनिंग, हायड्रॉलिक्सचे पंप-व्हॉल्व्ह हे सगळं पिढ्यांपासून चालू आहे. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं सेझ आहे. पलीकडे शिनोळी, आणि निपाणी ओलांडलं की कागल. तू ज्या विषयात डिग्री घेतेस त्याचं जिवंत काम तुझ्या बसच्या वाटेवर आहे. बेळगावच्या स्टँडपर्यंतही जावं लागत नाही, खानापूरहून येताना मच्छे आणि उद्यमबाग आधीच लागतात. शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसला तुला तिकीटही नाही.

छोट्या शॉपमध्ये काय मिळतं ते एका जॉबवरून सांगतो. समज, सीएनसी लेथवर एका कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, 52 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मारायचाय, ड्रॉइंगवर मापाची सूट शून्य ते अधिक 0.03. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, पहिला पीस काढतो. तू बोअर गेज लावतेस, 51.96 येतं. तो म्हणतो, किती घालू? तू 52.01 धरून सांगतेस, 0.05. तो मशीनच्या ऑफसेटला, म्हणजे मापाच्या दुरुस्तीला, 0.05 घालतो, दुसरा पीस काढतो, तू लगेच मोजतेस, 52.02, तू खूश. तो काहीच बोलत नाही. वीस मिनिटांनी तोच पीस परत हातात देतो, आता मोज. 52.01 च्या खाली. जॉब गरम होता, निवला की आकसला. ही गोष्ट तुझ्या थर्मलच्या पुस्तकात आहे, तू त्यावर मार्कही मिळवलेस. पण सूट तीन शतांश मिलिमीटरची असताना ती कुठे आडवी येते, हे तुला त्या सेटरने शिकवलं. चाळीस माणसांच्या लाइनवर त्याला वीस मिनिटं थांबायला कुणी देत नाही.

फाउंड्रीचंही तसंच. आपल्याकडे पावसाळा काय असतो ते खानापूरवाल्यांना सांगायला नको. जुलैत मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त राहिला की ओतलेल्या धातूच्या रसाच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल येतात. ते भोक बाहेरून दिसत नाही, मशीन शॉपमध्ये बोअर मारताना उघडं पडतं, तेव्हा मशीनिंगचा खर्चही वाया गेलेला असतो. तुझ्या मामांच्या ओळखीच्या माणसाकडे दोन्ही शेजारी शेजारी आहेत, हा मोठा योग आहे. सकाळी वाळूचा ओलावा मोजायचा, त्या दिवसाच्या मोल्डवर खूण करायची, आणि तेच कास्टिंग मशीनवर आलं की किती रिजेक्ट झाले ते वहीत मांडायचं. असं दोन महिने केलंस तर रिपोर्ट तर होईलच, शिवाय मालक स्वतः येऊन वही मागेल. त्याचा पैसा त्यात अडकलेला असतो ना.

आता या वाटेवरचा धोका. फुकटचा माणूस मिळाला की त्याला फुकटची कामं देतात. एक्सेलमध्ये बिलं भरणं, कुरिअर आणणं, ‘काय करूलास गा, जरा ही फाइल देऊन ये’. मामांची ओळख असली की तू नाहीही म्हणू शकत नाहीस. म्हणून ओळख गेटपर्यंत ठेव. आत कागद चालू दे. कॉलेजचं पत्र घेऊन जा आणि त्यासोबत एका पानावर तुझा आराखडा: पहिले 4 आठवडे इन्स्पेक्शन, पुढचे 5 सीएनसी सेटरच्या हाताखाली, 4 फाउंड्रीत, शेवटचे 3 रिजेक्शनच्या अभ्यासावर. एकूण 16. तुला शिकवणारा माणूस कोण, त्याचं नाव त्यात घाल. मालकाची सही घे. आराखडा जसाच्या तसा पाळला जाणार नाही, ऑर्डरची घाई असली की सेटरला तुझ्यासाठी वेळ नसेल, चालायचंच. पण कागद असला की पाचव्या आठवड्यात ‘साहेब, आता मला मशीनवर द्या’ म्हणायला तोंड राहतं.

पैशाचंही विचार. लाजू नकोस. पहिल्या महिन्यात नको, दुसऱ्यापासून दोन-तीन हजार द्या, असं सरळ म्हण. नाही म्हणाले तर तुझं काही बिघडत नाही. आणि मालकाला एक माहिती दे, कदाचित त्याला ठाऊक नसेल: 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, पण 4 ते 29 माणसं असलेल्यालाही स्वखुशीने घेता येतात. म्हणजे त्याचं शॉप लहान असलं तरी डिग्रीनंतर तो तुला रीतसर नॅट्समधून घेऊ शकतो. मी मात्र ते वर्ष तिथे घालू नकोस म्हणेन. इथे मशीन शीक, आणि अप्रेंटिसशिप हत्तरगी किंवा चाकणच्या मोठ्या कारखान्यात कर, जिथे ती कंट्रोल प्लॅनची शिस्त आहे. तेव्हा तुझ्याशी करार झालेला असेल, कन्सल्टंट मध्ये नसेल आणि तुझ्या वहीत दाखवायला काहीतरी असेल. नॅट्सचं दक्षिणेचं कार्यालय चेन्नईला आहे, कर्नाटक त्याच्याकडे येतं. महाराष्ट्र मुंबईच्या कार्यालयाकडे. चाकणची कंपनी धरलीस तर कुठल्या कार्यालयाकडे धावायचं, एवढ्यापुरतं लक्षात असू दे.

जमलं तर कॉलेजात एक चौकशी कर. 2022 च्या स्कीममध्ये सातवं आणि आठवं सेमिस्टर आलटून-पालटून घ्यायची मुभा कॉलेजला आहे. तुझं कॉलेज तसं करत असेल तर सहाव्यानंतर लगेच, म्हणजे ऐन पावसाळ्यात, तू फाउंड्रीत असशील. वाळूचा ओलावा मोजायला यापेक्षा चांगला मोसम नाही. आठव्यात गेलीस तर उन्हाळ्यात विषय बदलावा लागेल.

कन्नडचा उल्लेख तू ‘मराठी मीडियम’ म्हणून आडून केलायस, म्हणून सांगतो. उद्यमबागेत शॉप फ्लोअरवर मराठी सर्रास चालते, गोकाक-बैलहोंगलकडचे ऑपरेटर कन्नड बोलतात, भट्टीवर हिंदी ऐकू येईल. तुला शाळेत कन्नड होतंच, लिपी वाचता येते. पहिल्या आठवड्यात मोडकंतोडकं बोल, हसतील, मग तेच सुधारतील. चार महिन्यांत कामापुरती कन्नड येईल, आणि पुढे हुबळी किंवा बेंगळूरुला गेलीस तर ती कमाई वेगळीच.

दादाचं काय करायचं? ‘पोरीच्या जातीला’ हे सोडून दे, पण त्याच्या काळजीत तीन खरे प्रश्न आहेत आणि ते तूही विचारायला हवेस. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का? तुझी वेळ सकाळचीच राहील ना, नंदगडच्या पुढे जाणारी शेवटची बस गाठता येईल ना? आणि तिथे दुसरी कुणी बाई काम करते का? कोअर शॉपमध्ये आणि इन्स्पेक्शनला पुष्कळ ठिकाणी बायका असतात, असली तर तिच्याशी पाच मिनिटं बोल, मालकापेक्षा खरी माहिती ती देईल. यातल्या पहिल्याचं उत्तर ‘बघू, करू’ असं आलं तर मामांना न दुखवता दुसरं शॉप शोध, उद्यमबागेत शॉपची वाण नाही. दादाला सोबत घेऊनच जा. त्याने एकदा बोअर गेज हातात धरून बघितलं तर त्याचाही आवाज खाली येईल, असा माझा अंदाज आहे. बाबा गप्प आहेत म्हणजे खर्चाचा विचार करत असतील. वरचं चाकणचं गणित त्यांना कागदावर दाखव.

एक गंभीर गोष्ट. अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे. इंटर्नचं तसं स्पष्ट कवच नसतं. कॉलेजचा सामूहिक अपघात विमा आहे का आणि तो इंटर्नशिपच्या काळात कॅम्पसबाहेर चालतो का, हे ऑफिसमधून लेखी घे. शिवाय बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भर. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला 2 लाखांपर्यंत. दवाखान्याचं बिल त्यात येत नाही, म्हणून कॉलेजच्या विम्याचं आधी बघ.

जायच्या दिवशी ओढणी, बांगड्या, सैल बाह्या नकोत, केस घट्ट बांधून टोपीत. जॉब पकडणाऱ्या फिरत्या चकजवळ हातमोजेही घालायचे नाहीत, हे सेटर सांगेलच. फाउंड्रीत वाळूची बारीक धूळ असते, साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-95 घेऊन जा. पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज स्वतःच्या मापाचे विकत घे, तिथे ठेवलेले बहुतेक पुरुषांच्या मापाचे असतात. आणि एक 0 ते 150 चा डिजिटल व्हर्नियर स्वतःचा असू दे, त्यावर नाव कोरून घे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो कुणाच्या तरी टूलबॉक्समध्ये मुक्कामाला जाईल.